घाबरलेलं सीरम

आमच्या घरात भूत मानत नाहीत.

आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्याबरोबर भुतंखेतंही उंबऱ्याबाहेर काढली. लहानपणी आम्ही अंधाराला घाबरलो की ते दिवा लावायचे नाहीत. हात धरून त्या अंधारातच न्यायचे आणि म्हणायचे, "दाखव, कुठंय?"

म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण माझी चुलतबहीण पूर्णिमा खोटं बोलत नाही. आणि तिच्या जबड्यावरचा वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

फेब्रुवारी २०२४. पुण्यातली खराडी. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दुपार. तीन वाजून वीस मिनिटं...

सलग पाच दिवस.

पूर्णिमा ओव्हाळ एका खासगी लॅबमध्ये हार्मोन मोजायची. तेव्हा तिला पाचवा महिना होता, पहिलंच बाळ. तिचं काम आधी सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

माणूस घाबरला की कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन रक्तात उतरतं. रक्तातली प्रथिनं त्यातलं बरंचसं उचलून कडेवर घेतात, आई पोराला घेते तसं. कडेवरचं पोर गप्प असतं. जे थोडं मोकळं सुटतं तेच अंगभर धावतं, छाती धडधडवतं, हात कापवतं. पूर्णिमा ते मोकळं सुटलेलं मोजायची.

एक चिमुकली डबी, मधोमध पातळ पडदा. एका बाजूला सीरम, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी. दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी. अंगाइतक्या उबेच्या कपाटात ती डबी संध्याकाळपासून हलत ठेवायची. प्रथिनं मोठी, ती अलीकडेच राहतात. मोकळं तेवढं पडद्यातून पलीकडे पाझरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मशीनवर मोजायचं.

आणि मशीन खरं बोलतंय का, हे बघायला रोज एक ओळखीचं सीरम सोबत लावायचं. ते लॅबमध्येच बनतं. गरोदर बायकांचे तपासून उरलेले नमुने, नावं काढून, एकाच चंबूत ओततात. ढवळतात. छोट्या कुप्यांत भरून गोठवतात. त्याला म्हणतात पूल. त्याचा आकडा रोज तोच यायला हवा.

नोव्हेंबरचा पूल एकेचाळीस जणींचा होता. बनवला तेव्हा त्याचा आकडा होता चार.

पंधरा फेब्रुवारीला, गुरुवारी, त्याची पहिली कुपी वापरली.

आकडा आला सात.

शुक्रवारी आला अकरा. संगणकावरच्या तक्त्यात त्याचा लाल ठिपका उमटला.

"सर, हे कसं शक्य आहे?" पूर्णिमानं विचारलं. "गोठलेलं सीरम आहे. ना शरीर, ना ग्रंथी. नवं हार्मोन आणणार कुठून ते?"

सुदर्शन सर लॅबचे प्रमुख. कर्वेनगरचे. चष्म्यावरून बघत म्हणाले, "पूर्णिमाबाई, सीरमला कशाची भीती वाटणार? वार्षिक तपासणीची? ती मला वाटायला हवी. तो लाल ठिपका काढा आणि पुन्हा लावा."

"काढायचा कसा? आलाय तो."

"आलेला पाहुणा जसा काढतात तसा. विचारायचं नाही, 'चहा घेणार का' म्हणून."

त्यांनी स्वतःच माउस हातात घेतला आणि तक्त्यावरचा तो ठिपका पुसला.

घड्याळात तीन वीस.

उबेच्या कपाटातून आवाज आला...

धप्.

ओल्या घोंगडीवर धोपाटणं हाणावं तसा.

सरांनी कपाट उघडलं. डब्या संथ हलत होत्या. आत दुसरं काही नव्हतं.

"बेअरिंग गेलंय," ते म्हणाले आणि रक्ताच्या नळ्या फिरवायच्या यंत्राकडे वळले. नळ्या लावायला त्यांनी उजवा हात आत घातला.

झाकण पडलं.

पूर्णिमा धावली. पण ते झाकण एकदाच नाही पडलं. आपसूक वर उचललं गेलं... आणि पुन्हा पडलं. पुन्हा उचललं गेलं... पुन्हा पडलं. उखळात मुसळ पडतं तसं, तालात. सर ओरडायचेही विसरले. तिसऱ्या घावाला बोटांचा आवाज झाला. वाळक्या शेंगा मोडल्यासारखा.

त्यांची चारही बोटं चेचली होती. ठिपका पुसणाऱ्या हाताची.

शनिवारी आकडा आला एकोणीस.

पूर्णिमा एकटी होती. तिनं ठिपका पुसला नाही. पण शेरा लिहावा लागतो. तिनं लिहिलं, 'तांत्रिक चूक'.

तीन वीस.

तिचं डावं मनगट कुणीतरी धरलं.

धरलं... आणि पिळलं. धुणं पिळतात तसं. ती गुडघ्यावर आली. समोर कुणी नव्हतं. सुटलं तेव्हा मनगटावर पाच बोटं निळी उमटली होती, अंगठ्यासकट.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं की दारात हात सापडला. धम्मदीप आयटीत काम करतो, भला माणूस. त्यानं बर्फ लावला आणि म्हणाला, "दाराला पाच बोटं होती का गं?"

तिनं बाही खाली ओढली.

रविवारी लॅब बंद. चंदननगरच्या घरात दोघं दुपारचा चहा घेत होते. धम्मदीप बाळासाठी नावं सुचवत होता, एकाहून एक वाईट, मुद्दाम. ती हसत होती.

हसता हसता तिचं तोंड गर्रकन उजवीकडे वळलं.

फाट्.

कप भिंतीवर जाऊन फुटला. ती खुर्चीसकट खाली. तोंडातून रक्त, आणि त्या रक्तात एक दाढ.

धम्मदीप दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्यानं सगळं पाहिलं. मारणारा सोडून सगळं.

भिंतीवर तीन वीस.

सोमवारी शिवजयंती. लॅबमध्ये जेमतेम दोन माणसं. बाहेर रस्त्यावर ढोल-ताशा दणाणत होता. पूर्णिमा कुणाला न सांगता कामावर गेली होती. तिला पुलाची वही हवी होती. त्यात कोणकोणत्या नमुन्यांतून तो बनला, त्यांचे क्रमांक असतात. एकेचाळीस क्रमांक. एकेक टाकून ती जुने रिपोर्ट उघडत होती.

सव्विसावा उघडला आणि तिचा हात थांबला.

कौशल्या. वय चोवीस. सातवा महिना.

भिंतीवर तीन वीस. त्याच क्षणी बाहेरच्या ढोलाच्या तालात... डाव्या बरगड्यांवर लाथ बसली.

एक. दोन. तीन.

कुणीतरी बुटांनी मारत होतं. ती टेबलाखाली सरपटली, पोटावर दोन्ही हात घट्ट. लाथा टेबलाखालीही आल्या. ढोलात तिची किंकाळी कुणालाच ऐकू गेली नाही.

थांबल्यावर ती तशीच पडून राहिली. आणि तिला नोव्हेंबर आठवला.

त्या दिवशी रक्त घेणारा मुलगा रजेवर होता, म्हणून ती स्वतः बसली होती. एक मुलगी आत आली. भर दुपारच्या उन्हात लांब बाह्यांचा ब्लाउज. बाही वर करायला तयार नव्हती. नवरा बाहेर फोनवर बोलत होता. पूर्णिमा दंडाला पट्टी बांधत असताना त्या मुलीनं हळूच विचारलं होतं,

"मॅडम, रक्तात भीती दिसते का हो?"

"दिसते तर. आम्ही तेच मोजतो."

"मग लिहाल ना तुम्ही?"

"लिहीन की."

पूर्णिमानं शब्द दिला होता. आणि पाळला नव्हता.

कौशल्याचं एकूण कॉर्टिसॉल तिप्पट आलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोकळं मोजायला सांगितलं होतं. पण त्या दिवशी सगळ्या डब्या भरल्या होत्या, तिचा नंबर चार दिवसांनी लागणार होता. आणि गरोदरपणात प्रथिनं वाढतात, त्यामुळे एकूण आकडा फुगतोच, हे या कामातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पाठ असलेलं माणूस पुन्हा वाचत नाही. तिनं शेरा लिहिला, 'गर्भारपणामुळे वाढ अपेक्षित. नॉर्मल.' खाली सही केली.

उरलेलं सीरम महिनाअखेरीस चंबूत ओतलं गेलं.

रिपोर्टवर फोन नंबर होता. पूर्णिमानं तो लावला. एका म्हाताऱ्या बाईनं उचलला.

"कौशल्या आहे का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुमी त्या रगतवाल्या बाई का?"

संध्याकाळी धम्मदीप तिला गाडीवर घेऊन गेला. वाघोलीच्या पुढं, आतल्या एका गावात. कांताबाई ओट्यावर बसल्या होत्या. कौशल्याची आई. रडणं कधीच आटलेलं, डोळे कोरड्या विहिरीसारखे.

"लेक गेली. रगत दिल्यावर नवव्या दिशी," त्या म्हणाल्या. "जावई कागद घिऊन चौकीत ग्येला. म्हनला, बगा, बायकूला काय बी नव्हतं, समदं नारमल हाय. जिन्यावरनं पाय घसरला. आता छापील कागदाम्होरं म्या काय बोलू? मला कुठं वाचता येतंय?"

"मावशी, तो कागद माझा होता."

"ठावं हाय. ती सांगत व्हती. म्हनायची, आई, येक बाई भेटली, ती लिव्हनार हाय."

पूर्णिमाची मान वर होईना.

"कंपनीतल्या पह्यल्या पाळीवरनं जावई, वैजनाथ, घरी आला, का सव्वातीनच्या पुढं सुरू व्हायचं," कांताबाई म्हणाल्या. "शेजारीन भितीला कान लावून ऐकायची. शेवटच्या चार दिवसांचं समदं सांगितलं तिनं मला. चौकीत सांग म्हनलं, तर दार लावून घेतलं." त्यांनी स्वतःच्या अंगावर एकेक बोट ठेवलं. "पह्यल्या दिशी हित, मनगट. दुसऱ्या दिशी हित, जबडा. तिसऱ्या दिशी बरगड्या. लाथांनी."

"आणि चौथ्या दिवशी?" धम्मदीपनं विचारलं.

कांताबाईंनी हात लांब केला आणि पूर्णिमाच्या पोटावर ठेवला.

मग त्या म्हातारीनं, स्वतःशीच, जात्यावर बसल्यासारखं डोलत म्हटलं,

माझी गं मुकी मैना, तिचं बोलणं कुणी ऐकंना
सांडलं रगत बोलतं, त्याला पदर झाकंना

परतीच्या वाटेवर धम्मदीपनं गाडी थांबवली. "पूर्णिमा, आपण हे असलं मानत नाही."

"मी पण नाही मानत."

"मग?"

"दाढ पडली ती पडलीच ना रे? ती न मानून परत येणार आहे का?"

उद्याचा मंगळवार. तीन वीस. पोट.

मंगळवारी सकाळी तिनं लॅबच्या संगणकावर कौशल्याचा रिपोर्ट उघडला आणि सुधारित अहवाल लिहायला घेतला. मोजता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. कौशल्याचं सीरम चाळीस जणींत मिसळून गेलं होतं, ते आता वेगळं काढणार कोण? पण लिहिलेला शब्द मागे घेता येत होता. तशी सूचना मोबाइलवर जाताच प्लास्टरमधल्या हातानं सुदर्शन सरांनी फोन केला.

"सुधारित अहवाल म्हणजे काय, कळतं ना? आम्ही न मोजता लिहितो, हे लेखी कबूल करणं. असं करा, सोबत राजीनामाही टाइप करा. दोन्ही एकदमच छापून होतील. वीज वाचेल."

"बरं सर," पूर्णिमा म्हणाली आणि दोन्ही टाइप केले.

चौकीत पोचायला तीन वाजले. कांताबाई आधीच बाकावर बसून होत्या. हवालदारांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मॅडम, तीन महिन्यांनी रक्त आठवलं?"

"हो."

"आणि यात काय, ती घाबरलेली होती असं आहे?"

"नाही. ती नॉर्मल होती असं मी लिहिलं होतं, ते खोटं आहे. मी मोजलंच नव्हतं. आणि तिनं मला विचारलं होतं, रक्तात भीती दिसते का. हे माझ्या जबाबात घ्या."

"घेऊ की. चहा येऊ द्या."

"साहेब, आत्ता घ्या. मला वेळ नाही."

तिच्या आवाजात असं काही होतं, की त्यांनी पेन उघडलं. पण अक्षर सावकाश. तीन चौदा. एकेक वेलांटी कोरून काढत होते. तीन सतरा. पूर्णिमानं भिंतीला पाठ लावली. दोन्ही हात पोटाभोवती. धम्मदीप तिच्यापुढे उभा राहिला, आपल्या अंगानं तिला झाकून. जे दिसत नाही त्याच्यापुढे ढाल होऊन उभं राहायचं म्हणजे कसं, ते त्याला कळत नव्हतं. तरी उभा राहिला.

तीन एकोणीस.

"सही करा."

तिनं सही केली. हवालदारांनी आवकचा शिक्का शाईत बुडवला.

तीन वीस.

तिनं डोळे मिटले...

काही नाही.

पंखा फिरत होता. कांताबाईंचा श्वास ऐकू येत होता. पोटात बाळानं हलकेच कूस बदलली. बस, तेवढंच.

मग चौकीतला फोन वाजला.

हवालदारांनी उचलला. एका बाईचा आवाज इतका मोठा होता, की सगळ्यांना ऐकू आला.

"साहेब, लवकर या! आमच्या शेजारच्या वैजनाथला कुणीतरी मारतंय! दार आतून बंद आहे!"

तिच्या आवाजामागून येत होतं... धप्. धप्. धप्.

"किती जण आहेत?"

"बायका आहेत, साहेब. बांगड्या वाजतायत, खूप. पण बोलत कुणीच नाही... एकीचाही आवाज नाही..."

आणि त्या सगळ्यावरून एका पुरुषाची किंकाळी. ती मध्येच तुटली, जबडा गेल्यावर तुटते तशी.

दार फोडलं तेव्हा घरात वैजनाथ एकटा होता. खिडक्यांना गज. मनगट उलटं फिरलेलं. जबडा एका बाजूला लोंबत. छाती डावीकडून आत गेलेली, एक बरगडी कातडी फाडून बाहेर. आणि पोटावर, मांड्यांवर, पाठीवर पंजे. भिंतीवर गोवऱ्या थापताना उमटतात तसे, एकाशेजारी एक, एकावर एक. काही लांबसडक, काही आखूड. काही अगदी पोरसवदा.

हवालदारांनी वीसपर्यंत मोजले. मग बाहेर येऊन जिन्यात बसले.

वैजनाथ तीन दिवस जगला. बोलता येत नव्हतं. बांगड्या घातलेली नर्स खोलीत आली, की मोडक्या बरगड्यांनिशी पलंगावरून खाली पडायला बघायचा. पोलिसांनी शेवटी काय लिहिलं, मला ठाऊक नाही. कौशल्याची फाइल मात्र पुन्हा उघडली गेली. कांताबाईंनी तो सुधारित कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. वाचता येत नाही, पण रोज उघडून बघतात.

राजीनाम्यानंतर पूर्णिमाला शेवटचे काही दिवस भरायचे होते. तिनं नोव्हेंबरच्या पुलाची कुपी पुन्हा लावली.

आकडा आला शून्य.

नवे पडदे, नवं मिठाचं पाणी. दुसरी कुपी.

शून्य.

असं होत नाही. जिवंत माणसाच्या रक्तात थोडी तरी भीती मोकळी असतेच. त्या एकेचाळीस जणींच्या रक्तात कणभरही नव्हती.

तिच्या शेवटच्या दिवशी अक्षता नावाची एक बाई तपासणीला आली. नुकतीच बाळंत झालेली, कडेवर तान्हं. पूर्णिमानं नाव टाकलं. जुना नमुना, नोव्हेंबर. पुलाच्या वहीतला क्रमांक.

अक्षतानं रक्तासाठी हात पुढे केला. उजवा तळवा सुजून काळानिळा पडला होता.

"काय झालं हो हाताला?"

"काही कळलंच नाही. गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी झोपले होते. उठले तर हा असा."

पूर्णिमानं पट्टी बांधली. सुई आत गेली. नळीत रक्त चढू लागलं.

तेवढ्यात अक्षता अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, मेला का हो तो?"

"कोण?"

अक्षता स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिली.

"माहीत नाही," ती म्हणाली.

पूर्णिमाला जूनमध्ये मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. ती आता हे काम करत नाही. मला तिनं हे सगळं एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही.

त्या नोव्हेंबरात मलाही सातवा होता. पूर्णिमाच्या ओळखीनं मीही तिथेच रक्त दिलं होतं. वहीतले एकेचाळीस क्रमांक तिनं पाहिलेत. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

त्या मंगळवारी दुपारी मी बाळाला पाजून झोपले होते. मला एवढंच आठवतं.

सासूबाई म्हणतात, तू झोपेत हसत होतीस.